तार तुटण्याआधी

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

इलेक्ट्रिक गिटारच्या तारा बदलणे या विषयावर बोला, असा निरोप आला तेव्हा आमच्या घरात हशा पिकला. सौ. म्हणाली, "खापरच्या बाजारात मिरचीचा भाव विचारणारे शंभर भेटतील. गिटारच्या तारेचा भाव विचारणारा एक तरी दाखवा." मी तिला दुकानातल्या गल्ल्याखालचा पत्र्याचा डबा आणून दाखवला. एका लग्नसराईत जमलेल्या तुटक्या तारांनी तो निम्मा भरला होता.

खापर हे नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यातलं, गुजरातच्या सीमेजवळचं गाव. वर सातपुडा, खाली रस्ता. होळीला काठीच्या राजवाडी होळीचे ढोल घुमले की पहिल्या पावसापर्यंत आमच्या भागात लग्नांची गर्दी. ढोल आणि पावरी ही इथली मूळ वाद्यं. त्यांच्या जोडीला पुढे कीबोर्ड आला, ऑक्टोपॅड आला आणि कुठे कुठे गिटारही आली. मी तरुणपणी अशाच एका बँडमध्ये गिटार वाजवली. आता रेडिओ, ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान चालवतो. बँडमधली पोरं अजून येतात आणि सगळ्यांचं वाक्य एकच असतं, "काका, तार तुटली, एकच द्या."

माझं भांडण आहे ते या "एकच द्या"शी. सायकलचा टायर फुटला की बदलावा, तशी तुटली की बदलायची गोष्ट म्हणजे तार, असा समज आहे. पण इलेक्ट्रिक गिटारची तार ही नुसती तार नाही. ती वाद्याचा आवाज आहेच, शिवाय ती वीजजोडणीचाही एक भाग आहे, आणि वाजवणाऱ्याचा हात सारा वेळ तिच्यावर असतो. तारा बदलायला घेतल्या की वाद्य आतून-बाहेरून पाहिलं जातं. एरवी कुणी पाहत नाही.

आधी ही गिटार वाजते कशी ते सांगतो. सतार, तंबोरा ज्यांनी जवळून पाहिला असेल त्यांना शब्द नवे नाहीत. तारा गुंडाळायच्या त्या खुंट्या, वरच्या टोकाला ज्या खाचांतून तारा जातात ते तारगहन, बोटं दाबायचे ते पडदे आणि खालच्या टोकाला जिच्यावर तारा टेकतात ती घोडी. मिरजेच्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या हे शब्द वापरले. त्यांच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. तेव्हा परदेशी वाद्य असलं तरी त्याच्याशी आपल्या शब्दांत बोलायला हरकत नाही.

फरक असा की सतारीला भोपळा आहे. तो तारेचा आवाज मोठा करतो. इलेक्ट्रिक गिटारला भोपळा नाही, बहुतेकदा नुसती भरीव फळी असते. तारांच्या खाली पिकअप नावाची पट्टी बसवलेली असते. आमच्याकडे पिकअप म्हटलं की माल वाहणारी गाडी डोळ्यांसमोर येते, म्हणून खुलासा करतो. या पिकअपमध्ये लोहचुंबक असतो आणि त्याच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत अगदी थोडी वीज निर्माण होते. ती ॲम्प्लिफायरकडे जाते आणि तिचा आवाज होतो. सायकलच्या डायनॅमोचं हे नाजूक भावंड म्हणा ना! ही युक्ती १९३१-३२च्या सुमारास अमेरिकेत रिकेनबॅकर कंपनीच्या गिटारमध्ये प्रथम बाजारात आली. ती मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन गिटार होती. आपल्याकडे व्हॅन शिप्लेंसारख्या वादकांनी सिनेमाची गाणी वाजवून हाच इलेक्ट्रिक आवाज घरोघरी नेला. आणि १९७१च्या 'हरे रामा हरे कृष्णा'नंतर तर राहुलदेव बर्मन यांच्या संगीतातली भूपिंदर सिंग यांची गिटार कानात बसली नाही, असा माझ्या पिढीतला वादक सापडायचा नाही.

यातून पहिला धडा निघतो. चुंबकाला जी धातू कळत नाही, ती पिकअपला ऐकू येत नाही. नायलॉनची तार लावलीत तर गिटार जवळजवळ मुकी होईल. साध्या, म्हणजे पोकळ पेटीच्या गिटारचा संच लावलात तर घोटाळा निराळा होतो. त्यातल्या जाड तारांवर पितळी किंवा ब्राँझचे पिवळसर वेढे असतात. आतला गाभा पोलादी असल्यामुळे आवाज येतो, पण वेढ्यांचा काही उपयोग नाही. जाड तारा दबून जातात आणि बारीक तारा किंचाळतात. एक मुलगा असा संच लावून ॲम्प्लिफायर बिघडला म्हणून घेऊन आला होता. मी ॲम्प्लिफायर उघडलाच नाही. जुन्या स्पीकरमधला चुंबक तारांजवळ धरला आणि त्यालाच ओढीतला फरक बघायला लावला. इलेक्ट्रिक गिटारच्या जाड तारांचे वेढे निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाचे, रंगाने रुपेरी असतात. पाकिटावर काय लिहिलंय ते वाचायचं राहिलं तरी रंग फसवत नाही.

संच नंबरावर मिळतात. दुकानात "नऊ नंबर" किंवा "दहा नंबर" म्हणतात तो नंबर सर्वांत बारीक तारेच्या जाडीचा, इंचाच्या हजाराव्या भागात. नऊ नंबरच्या संचात पहिली तार सुमारे ०.२३ मिलिमीटरची आणि सहावी एक मिलिमीटरहून थोडी जाड. या सहा तारा सुरात लावल्या की साधारण ३८ किलोंचा ताण दांडीवर येतो. दहा नंबरचा संच लावला की तोच ताण ४६ किलोंच्या घरात जातो. जवळपास सिमेंटची एक गोणी ही दांडी दिवसरात्र ओढून धरते. तिच्या पोटात एक लोखंडी सळई बसवलेली असते, ती उलट बाजूने तोल सांभाळते. म्हणून नऊवरून दहावर जायचं असेल तर नुसत्या तारा बदलून भागत नाही, दांडीचा बाक आणि तारांची उंचीही बघावी लागते. नवशिक्याने आहे तोच नंबर पुन्हा आणावा. बारीक तारांचे असे तयार संच काही पहिल्यापासून मिळत नव्हते. पूर्वी तिसरी तारही वेढ्याची, जाडजूड असायची. काही वादक गिटारला बँजोची बारीक तार बसवत. अमेरिकेत एर्नी बॉल या दुकानदाराने ही गरज ओळखली आणि १९६२च्या सुमारास हलके संच विकायला सुरुवात केली.

आता "एकच द्या" का चुकीचं, ते सांगतो. तार तुटण्याच्या पुष्कळ आधी मरते. बोटांचा घाम, कातडीचा कण, धूळ वेढ्यांमध्ये जाऊन बसते. आमच्या लग्नांत त्यात हळदीची भर! पडद्यांवर घासून तारेच्या खालच्या अंगाला खाचा पडतात. तारेखालून नख फिरवून बघा, खाच लगेच लागते. अशी तार सगळीकडे सारख्या वजनाची राहत नाही, म्हणून ती सुरात लावली तरी वरच्या पडद्यांवर बेसूर बोलते. मग तिच्या शेजारी एक कोरी तार लावली की ती एकटीच झणझणते आणि बाकीच्या पाच ओल्या सुतळीसारख्या वाटतात. चांगला संच पाच-सहाशे रुपयांच्या आसपास येतो. पोरांना तो खर्च वाटतो, आणि मला त्यांचं म्हणणं समजतं. मीही कधी काळी सायकलच्या ब्रेकच्या तारेतला एक धागा सोडवून गिटारला लावला होता. वाजला. पण सुरात काही लागला नाही, आणि दुसऱ्या दिवशी बोटं दाखवायच्या लायकीची नव्हती. बँड रोज वाजत असेल तर महिन्या-दीड महिन्याने, घरी हौसेने वाजवत असाल तर चार-सहा महिन्यांनी पूर्ण संच बदलावा. आणि वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने तारा पुसल्या तर हे आयुष्य बरंच वाढतं. फडक्याला काही पैसे पडत नाहीत.

बदलण्याचा दिवस लग्नाचा नसावा, आदल्या दिवसाचा असावा. नवी तार ताणत राहते, सुरातून उतरत राहते. वरात दारात आली असताना नवा संच लावणाऱ्याची फजिती मी पाहिली आहे. ती बऱ्याचदा माझीच होती.

साधनं थोडी: पक्कड, तार कापायचं कटर, मऊ फडकं आणि जमलं तर खुंटी भराभर फिरवायचं प्लास्टिकचं हँडल. गिटारची वायर आधी ॲम्प्लिफायरमधून काढा. मग तारा एकेक करून बदला. सगळ्या एकदम काढल्याने दांडी लगेच मोडत नाही, ही भीती अनाठायी आहे. पण काही गिटारांची घोडी केवळ तारांच्या दाबाने जागेवर बसलेली असते, तारा निघाल्या की ती हातात येते. काहींच्या घोडीला मागून स्प्रिंगा लावलेल्या असतात आणि तारांचा ताण व स्प्रिंगांचा ताण यांचा तोल साधलेला असतो. सगळ्या तारा काढल्या तर घोडी मागे कलते आणि पुन्हा तोल साधताना संध्याकाळ होते. पडदे पुसायचे असतील तर तीन-तीन तारांचे दोन भाग करा.

जुनी तार आधी पूर्ण सैल करा, मगच कापा. ताणलेली तार कापली तर ती चाबकासारखी उलटते, आणि तेव्हा आपला चेहरा नेमका तिच्यावर वाकलेला असतो. चष्मा असेल तर घाला. हे मी काळजीपोटी सांगतोय असं समजू नका, अनुभवापोटी सांगतोय.

नव्या तारेच्या एका टोकाला छोटा पितळी मणी असतो. तो घोडीकडे अडकतो आणि दुसरं टोक तारगहनाच्या खाचेतून खुंटीकडे येतं. इथे सर्वांत जास्त चूक होते. एक तर पोरं तार एवढी सैल ठेवतात की खुंटीवर दहा-बारा वेढ्यांचा गुंता होतो. नाही तर एवढी ताणतात की एक वेढाही पुरा बसत नाही आणि तार सटकते. माझा हिशेब सोपा आहे. तार खुंटीतून ओढून घ्या, मग साधारण दोन इंच मागे सोडा आणि फिरवायला लागा. जाड तारांना दोन-तीन वेढे, बारीकांना तीन-चार. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या खाली, विहिरीवरच्या रहाटाला दोर गुंडाळावा तसा नीट. वेढ्यावर वेढा चढला की सूर घसरलाच म्हणून समजा. आणि वेढ्याची जाड तार कापायची असेल तर आधी काटकोनात वाकवा, मग वाकलेल्या भागापलीकडे कापा. सरळ कापली तर वरचं वेष्टन गाभ्यावरून सुटत जातं आणि नवी कोरी तार पहिल्या दिवशीच मुकी होते.

सूर लावायला आता मोबाइलवर ट्यूनर मिळतात. पण गावात पेटी असतेच, म्हणून पेटीच्या भाषेत सांगतो. जाड तारेपासून बारीक तारेकडे येताना पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात आणि पुन्हा पांढरी तीन. पहिली पांढरी तीन आणि शेवटची पांढरी तीन यांत दोन सप्तकांचं अंतर आहे. पाचवी तार, म्हणजे पांढरी सहा, सेकंदाला ११० कंपनं करते. जगभर सूर मिळवण्यासाठी जो ४४० कंपनांचा स्वर धरतात, त्याच्या बरोबर चौथाई. ज्या पेटीबरोबर वाजवायचं त्याच पेटीशी मिळवा, कारण दोन जुन्या पेट्या एका सुरात असतीलच असं नाही. सूर लागला की प्रत्येक तार मधोमध धरून हलकेच वर ओढा, उतरली की पुन्हा लावा. चार-पाच वेळा असं केलं की ती जागेवर बसते.

मग एक परीक्षा. बाराव्या पडद्याच्या बरोबर वर तारेला नुसता स्पर्श करून छेडा, घंटीसारखा स्वर निघेल. आता त्याच पडद्यावर तार दाबून वाजवा. दोन्ही स्वर एकच यायला हवेत. दाबलेला स्वर चढा असेल तर त्या तारेचा घोडीवरचा आधार स्क्रूने थोडा मागे सरकवायचा, उतरा असेल तर पुढे. जुन्या तारांवर ही परीक्षा घेऊ नका, दोष तारेचा असतो आणि आपण घोडी बिघडवून बसतो. एखादी तार दर वेळी एकाच जागी तुटत असेल तर तिथे बोट फिरवून पाहा, बारीक कंगोरा सापडेल. झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने तो मोडला की महिन्याला एक संच वाचतो.

आता ज्यासाठी मी हे भाषण स्वीकारलं तिथे येतो.

घोडीच्या खालून एक बारीक वायर गिटारच्या आत जाते आणि ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगला जोडलेली असते. म्हणजे तुमच्या सहाही तारा अर्थिंगला जोडलेल्या आहेत. हे मुद्दाम केलेलं असतं. आपलं शरीर आसपासच्या विजेची गुणगुण गोळा करतं. तारांना हात लागला की ती खाली जाते. म्हणूनच हात लावला की गिटारची घूं घूं कमी होते. तारा बदलून झाल्यावर हे जरूर तपासा. हात लावूनही गुणगुण कमी होत नसेल तर ती वायर निसटली आहे. हात लावल्यावर गुणगुण वाढत असेल तर वीजजोडणीत काहीतरी उलटं आहे, आणि ते गंभीर आहे.

कारण तारा अर्थिंगला जोडल्या आहेत हे तेव्हाच चांगलं, जेव्हा पलीकडे खरंच अर्थिंग असतं. आपल्या मांडवात काय असतं? जनरेटरवरून आलेली वायर, जोड देऊन चिकटपट्टी मारलेली. तीन पिनांच्या प्लगमधली जाड पिन तोडलेली, किंवा प्लगच नाही, वायरची दोन टोकं आगकाडीने सॉकेटमध्ये खोचलेली. अशा वेळी ॲम्प्लिफायरच्या आत थोडी गळती असली तर ती त्याच्या पत्र्यावर, पत्र्यावरून गिटारच्या वायरीत आणि तिथून तारांवर येते. वादकाला काही कळत नाही, कारण त्याच्या पायात चप्पल असते. मग तो गायला म्हणून माइकजवळ जातो. माइक दुसऱ्या यंत्राला जोडलेला, त्याचं अर्थिंग ठीक. बोटं तारांवर, ओठ माइकच्या जाळीला, आणि मधून वाट मिळते ती छातीतून.

माझ्या बाबतीत एका लग्नात असंच झालं. संध्याकाळी वळवाचा शिडकावा होऊन गेला होता, अंगण ओलं होतं. पहिल्यांदा ओठाला मुंगी चावल्यासारखं वाटलं, मी हसण्यावारी नेलं. दुसऱ्यांदा गाण्याच्या भरात ओठ नीट टेकले आणि डावा हात गिटारच्या दांडीवर आवळला गेला. विजेने स्नायू आखडतात, सोडायचं म्हटलं तरी हात सुटत नाही. मी मागे पडलो, तेवढ्यानेच वाचलो. पडताना माइक सुटला. ढोलवाल्याला वाटलं मी नाचतोय. १९७२ साली इंग्लंड-वेल्समध्ये गाजणाऱ्या 'स्टोन द क्रोज' या बँडचा गिटारवादक लेस हार्वे याला ही संधी मिळाली नाही. वेल्समधल्या स्वानसी इथे रंगमंचावरच, अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून तो गेला. वय अवघं सत्तावीस.

तेव्हापासून माझ्या गिटारच्या पिशवीत तारांच्या संचाशेजारी मल्टिमीटर असतो. तो एसी व्होल्टवर ठेवायचा, एक टोक तारेला, दुसरं माइकच्या जाळीला. सगळी यंत्रं चालू, वादक दूर. आकडा शून्याच्या आसपास असेल तर वाजवा. दहा-वीस किंवा जास्त दिसला तर वीजजोडणी तपासून दुरुस्त होईपर्यंत वाजवू नका, नवरदेव घोड्यावर बसलेला असला तरी. सगळी यंत्रं एकाच, अर्थिंग असलेल्या बोर्डवरून चालवा आणि त्या बोर्डाआधी ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. गळती झाली की तो क्षणात वीज तोडतो. काही पोरं झटका लागू नये म्हणून घोडीखालची वायरच कापून टाकतात. असलं करू नका. दोष मांडवाचा असतो, वाद्याचा नाही. गिटारला लावायचा बिनतारी ट्रान्समीटर आता मिळतो. त्याने गिटार आणि ॲम्प्लिफायर यांचा वायरीचा संबंधच तुटतो, हे खरं. पण पेटीजवळ गाणाऱ्याच्या हातात दुसरा माइक असतोच, तेव्हा बोर्ड तपासणं सुटत नाही.

राहिल्या काढलेल्या जुन्या तारा. त्या अंगणात किंवा उकिरड्यावर फेकू नका. गाई-म्हशी चारा निवडून खात नाहीत, भसकन ओढतात. तारेचा तुकडा चाऱ्याबरोबर पोटात गेला की जाळीच्या पोटात अडकतो आणि तिथून हृदयापर्यंत टोचत जातो. दुभतं जनावर महिनाभर झुरतं आणि कारण कळेपर्यंत वेळ निघून जाते. म्हणून माझ्या गल्ल्याखाली तो पत्र्याचा डबा. त्यातल्या बारीक तारा आमच्या बाजारात मडकी विकायला येणारा एक कुंभार मागून नेतो. चाकावरचं ओलं मडकं खालून कापायला दोऱ्यापेक्षा ती बरी पडते, असं तो म्हणतो. जाड तारा मात्र अजून कुणी मागितल्या नाहीत.